‘मित्र होते ना सोबत!’ : खदानीच्या पाण्यात सोबत म्हणजे सुरक्षा नव्हे

गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात उतरणाऱ्या मित्रांचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येऊन गेले असतील. फिनलंड, एस्टोनिया अशा थंड देशांत बंद पडलेल्या दगडखाणी आणि चुनखडीच्या खाणी पाण्यानं भरलेल्या आहेत. हिवाळ्यात वरचं पाणी गोठतं. शनिवार-रविवारी पाच-सात मित्र जमतात, करवतीनं बर्फ कापतात आणि पाठीवर हवेची नळकांडी घेऊन त्या भोकातून खाली उतरतात. फिनलंडमधल्या लोह्या गावाजवळची ओजामो ही चुनखडीची जुनी खाण अशा पाणबुड्यांमध्ये प्रसिद्ध आहे.

असा व्हिडिओ पाहिला की आपण म्हणतो, ‘वेडे आहेत! मरायची हौस, दुसरं काय?’

या लेखात मी त्या वेड्यांची बाजू घेणार आहे. त्यांचा छंद तुम्ही करावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. तो धोक्याचा आहे, त्यात माणसं मेली आहेत आणि प्रशिक्षणाशिवाय त्याचा विचारही करू नये. पण धोका ओळखून पाण्यात उतरणं कशाला म्हणतात हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे रविवारी दुपारी बाईकवर तिघं बसून खदानीवर पोहायला जाणारी मुलं आणि ‘जाऊ दे, मित्र आहेत सोबत’ म्हणणारे आपण, यांच्यापेक्षा ते कितीतरी शहाणे आहेत.

बर्फाखाली उतरणारे काय करतात?

आधी धोका समजून घेऊ. उघड्या पाण्यात काही बिघडलं तर सरळ वर यायचं असतं. बर्फाखाली वर यायला जागाच नसते. डोक्यावर छत आणि बाहेर पडायचं एकच भोक. ते भोक चुकलं तर खेळ संपला. पाण्याचं तापमान शून्य ते चार अंश सेल्सिअस. इतक्या थंडीत बोटं बधिर होतात आणि साधं बक्कल काढणंही जमत नाही. तोंडात धरलेलं रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून हवा येते ते उपकरण, आतून गोठू शकतं. मग हवा थांबण्याऐवजी भसाभस बाहेर पडायला लागते आणि नळकांडं बघता बघता रिकामं होतं.

हे सगळं माहीत असल्यामुळे ते काय करतात ते पाहा.

पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला दोर बांधलेला असतो. दोराचं दुसरं टोक बर्फावर उभ्या असलेल्या एका मित्राच्या हातात असतं. त्याचं काम एकच, दोर सांभाळणं. तो गप्पा मारत नाही, फोटो काढत नाही, मोबाईल बघत नाही. दोराला किती ओढे दिले की काय समजायचं हे आधी ठरलेलं असतं. ठरलेली खूण आली नाही तर तो ओढून घ्यायला लागतो.

त्याच्या शेजारी आणखी एकजण बसलेला असतो, पूर्ण पोशाख घालून, अंगाला दोर बांधून, पण कोरडा. हा राखीव पाणबुड्या. खाली काही झालं तर उतरायचं ते त्यानंच. त्याचा दोर खाली गेलेल्यांच्या दोरापेक्षा लांब असतो, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचता येतं. बाकीच्यांनी पाण्यात उडी मारायची नाही, कितीही जीव तुटला तरी.

हवेचा हिशेबही ठरलेला असतो. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश अडचणीसाठी शिल्लक. मजा येतेय म्हणून तो शिल्लक भाग वापरायचा नसतो.

आता या टोळीकडे डॉक्टरच्या नजरेनं बघा. पाच-सहा मित्रांत दोघं पाण्यात आणि बाकीचे कोरडे, हातात काम घेऊन. मैत्री आहेच, पण मैत्रीच्या भरवशावर कुणी पाण्यात उतरलेलं नाही. प्रत्येक मित्राला एक नेमकं काम दिलेलं आहे.

आणि आपली खदान

आता आपल्याकडे या. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठलंही वाढतं शहर घ्या. इमारतींसाठी आणि रस्त्यांसाठी काळा दगड फोडला, खडी काढली, दगड संपला, खड्डा तसाच राहिला. कोकणात आणि गोव्यात जांभा काढून झाला की चिरेखाणी तशाच पडून राहतात. पावसाळ्यात त्या भरतात. दिवाळीपर्यंत पाणी निवळतं आणि हिरवंगार दिसायला लागतं. रील बनवायला याहून सुंदर जागा कुठली?

पण खदान म्हणजे तळं नव्हे. तळ्याला उतार असतो, माणूस घोट्याभर, गुडघाभर, कमरेभर असा आत जातो. खदानीत दगड टप्प्याटप्प्यानं काढलेला असतो. एका टप्प्यावर कमरेइतकं पाणी आणि पुढच्या पावलाला चाळीस फूट. पाणी गढूळ किंवा हिरवं असल्यानं ती कड दिसत नाही. बाजू सरळ कापलेल्या असतात. ओल्या कातळावर शेवाळ असतं, हाताला पकड मिळत नाही. आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड. तळाशी लोखंडी सळ्या, तारा, दगडांचे ढीग, कधी अख्खं झाड असतं. वरून सूर मारणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

सूर मारण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. डोकं खाली करून उडी मारली आणि पाणी वाटलं त्यापेक्षा उथळ निघालं, तर सगळा भार मानेच्या मणक्यावर येतो. तिथली मज्जारज्जू दुखावली की त्या क्षणापासून हातपाय लुळे पडू शकतात. असे रुग्ण बहुतेक विशी-पंचविशीतले असतात. पुढची तीस-चाळीस वर्षं ते आणि त्यांचे आईवडील कशी काढतात हे एकदा जवळून पाहिलेला माणूस अनोळखी पाण्यात सूर मारणार नाही.

या पाण्यावर आपली टोळी जाते तेव्हा तिच्याकडे काय असतं? दोर नाही. हवा भरलेली ट्यूब नाही. काठावर कोरडा राहायचं काम कुणाला दिलेलं नाही. सगळे एकदम पाण्यात, आणि जो काठावर आहे त्याच्या हातात मोबाईल. कधी कधी बिअरही असते. शिवाय जागा अशी की फोनला रेंज नाही आणि रुग्णवाहिकेला रस्ता नाही.

आता सांगा, वेडे कोण?

पाण्यात शरीराचं काय होतं?

‘त्याला पोहता येत होतं हो, तरी कसा बुडाला?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर शरीरशास्त्रात आहे.

पहिली गोष्ट, थंड पाण्याचा धक्का. आपल्याकडे कुठं आलं थंड पाणी, असं वाटेल. पण खोल आणि साचलेल्या पाण्यात वरचा थर उन्हानं कोमट असतो आणि खालचं पाणी बरंच गार असतं. डिसेंबर-जानेवारीत तर विचारायलाच नको. तापलेलं अंग एकदम गार पाण्यात गेलं की माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो आणि मग धापा टाकायला लागतो. तोंड पाण्याखाली असताना हा श्वास ओढला गेला तर आत जातं ते पाणीच. पाणी २५ अंशांच्या खाली गेलं की ही प्रतिक्रिया सुरू होऊ शकते, १५ अंशांच्या खाली ती तीव्र असते. त्याच वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. चेहरा गार पाण्यात बुडाला की उलट ठोके मंद करणारी प्रतिक्रिया जागी होते. या दोन विरुद्ध हुकमांच्या ओढाताणीत काहींच्या हृदयाची लय बिघडू शकते. पोहता येतं की नाही याचा इथे संबंधच येत नाही. बर्फाच्या पाण्यात उतरणारे म्हणूनच अंग पूर्ण झाकणारा पोशाख घालतात आणि हळूहळू उतरतात.

दुसरी गोष्ट, श्वास रोखण्याची पैज. ‘बघू, कोण जास्त वेळ आत राहतो.’ आत जाण्यापूर्वी मुलं भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात. त्यामुळे रक्तात प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड घटतो. गुदमरल्याची जाणीव आपल्याला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तोच कमी केल्यानं धोक्याची घंटा वाजतच नाही. प्राणवायू संपत जातो आणि मुलगा पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतो. हे उत्तम पोहणाऱ्यांच्या बाबतीत घडतं, कारण पैज तेच लावतात.

तिसरी गोष्ट, बुडणं शांत असतं. सिनेमात माणूस हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात ओरडायला श्वास लागतो, आणि बुडणाऱ्याचं तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. हात वर हलवता येत नाहीत, ते आपोआप पाणी खाली दाबत राहतात. डोकं मागे कललेलं, तोंड उघडं, शरीर उभं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, मस्करी करतोय. हे सगळं अनेकदा मिनिटभरातच संपतं. त्या मिनिटात तुम्ही स्टोरी टाकत असाल तर तुम्हाला काहीही कळत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो. ते त्याच्या हातात नसतं. मेंदूला हवा हवी असते आणि जवळ आलेला मित्र ही त्या क्षणी फक्त वर चढायची वस्तू असते. म्हणून एकाला वाचवायला दुसरा जातो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, आणि संध्याकाळी बातमी येते, ‘तीन मित्रांचा बुडून मृत्यू’. ही बातमी तुम्ही किती वेळा वाचली आहे? त्यातला दुसरा आणि तिसरा मुलगा खदानीमुळे गेला नाही. मित्रासाठी उडी मारणं हेच शौर्य, असं आपण त्याला शिकवलं होतं, त्यामुळे तो गेला. प्रशिक्षित जीवरक्षकसुद्धा बुडणाऱ्याला थेट मिठी मारत नाही. तो स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये तरंगणारी वस्तू ठेवतो.

‘पण डॉक्टर, आम्ही लहानपणी विहिरीतच शिकलो की!’

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. आठवून बघा, गावाकडे विहिरीत पोहायला कसं शिकवायचे? पाठीला पत्र्याचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचे. कमरेला दोर. दोराचं टोक काठावर उभ्या असलेल्या काकांच्या किंवा मामांच्या हातात. मुलगा गटांगळ्या खायला लागला की दोर ओढला जायचा. काका काठावर कोरडे असायचे आणि त्यांचं लक्ष फक्त पोराकडे असायचं.

फिनलंडच्या बर्फावर दोर धरून उभा असलेला मित्र आणि आपल्या विहिरीच्या काठावरचे काका एकच काम करतात. ही अक्कल आपल्याकडे होती. विहिरीवरून खदानीवर जाताना आपण पोहणं बरोबर नेलं आणि दोर, डबा, काका मागे ठेवले. तेव्हा ‘आमच्या वेळी काही होत नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वेळची पद्धत तरी पूर्ण सांगावी. त्या काळातही माणसं बुडायची, पण निदान शिकवताना दोर असायचा.

दुसरा युक्तिवाद असतो नशिबाचा. ‘ती खदान दरवर्षी बळी घेते.’ खदान काही घेत नाही. दगड काढून झाल्यावर न बुजवलेला आणि कुंपण न घातलेला तो खड्डा आहे. उघड्या खाणीच्या कडेला कुंपण घालणं हे खाणविषयक नियमांनुसार खाण चालवणाऱ्याचं काम आहे. ते झालेलं नसताना बळीची भाषा वापरली की सगळेच सुटतात. खाणवाला सुटतो, परवानगी देणारा सुटतो, आणि नारळ फोडून आपणही सुटतो.

तिसरा युक्तिवाद सरकारी असतो. ‘आम्ही फलक लावला होता.’ गंजलेल्या पत्र्यावर ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ असं लिहिलं की जबाबदारी संपते का? सोळा वर्षांच्या मुलाला तो फलक मनाई वाटत नाही, आमंत्रण वाटतो. मला त्या फलकाखाली तीस फूट लांब दोर आणि एक हवेची ट्यूब टांगलेली हवी. चोरीला जाईल म्हणता? मग पुन्हा टांगा. ट्यूब काही शेकडा रुपयांना मिळते.

चौथा युक्तिवाद पालकांचा. ‘आम्ही त्याला पाण्याच्या जवळपास जाऊच देत नाही.’ ऐकायला बरं वाटतं, पण यातून घडतो तो पोहता न येणारा आणि घरी न सांगता जाणारा मुलगा. घरी सांगितलं तर ओरडा बसणार म्हणून तो ‘लायब्ररीत जातोय’ म्हणतो. मग काही झालं तर आपला मुलगा कुठे शोधायचा हेसुद्धा तुम्हाला माहीत नसतं.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यातली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली होती. आपल्या देशात पोलिसांच्या नोंदींवरून दरवर्षी ३० हजारांहून अधिक मृत्यू बुडून होतात. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं २५ जुलै हा बुडण्याचे मृत्यू टाळण्याचा जागतिक दिवस ठरवला. डेंग्यूसाठी आपण घरोघरी पिंप तपासतो, आणि ते योग्यच आहे. पण गावाबाहेरच्या चाळीस फूट खोल पिंपाला कुणी विचारत नाही.

बाहेर काढल्यावर जो गोंधळ घालतो तो

आता सर्वांत राग येणारा भाग. मुलगा तीन-चार मिनिटांत बाहेर काढला जातो, म्हणजे वाचण्याची खरी संधी असते, आणि काठावर ती वाया घालवली जाते.

त्याला उलटा धरून खांद्यावर घेतात आणि पळतात. पाय धरून गरगर फिरवतात. पोट दाबतात. त्यानं येणारं पाणी बहुतेक पोटातलं असतं. ते तोंडात येऊन पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसातलं थोडं पाणी काढत बसायची गरजच नसते. बुडणाऱ्याला मारतो तो प्राणवायूचा अभाव. मेंदू प्राणवायूशिवाय चार-सहा मिनिटांपलीकडे सहज टिकत नाही. प्रत्येक फेरीगणिक त्यातलं अर्धं-पाव मिनिट जातं.

दुसरा प्रकार म्हणजे मीठ. ‘बुडालेल्याला मिठाच्या ढिगात पुरलं की मीठ पाणी शोषतं आणि तो जिवंत होतो’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो. तो खरा मानून आईवडिलांनी क्विंटलभर मीठ आणून मुलाला तासन् तास त्यात ठेवल्याच्या बातम्या आपल्या देशात आल्या आहेत. त्या आईवडिलांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी कुणीही काहीही करील. दोष तो संदेश पुढे ढकलणाऱ्याचा. कातडीवर ठेवलेलं मीठ फुप्फुसातलं पाणी ओढू शकत नाही. थांबलेलं हृदय तर मुळीच चालू करू शकत नाही.

या संदेशांना पुष्टी म्हणून कधी कधी खऱ्या घटनेचा दाखला देतात. ती घटना सांगतो. मे १९९९ मध्ये नॉर्वेत आना बोगेनहोल्म नावाची तरुण स्वीडिश डॉक्टर दोन सहकाऱ्यांबरोबर डोंगरात स्कीइंग करत होती. ती घसरून गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. सुमारे ८० मिनिटं ती बर्फाखाली होती. शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय थांबलेलं होतं. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिचं रक्त यंत्रावर घेऊन हळूहळू गरम केलं गेलं. ती वाचली आणि पुढे पुन्हा डॉक्टर म्हणून काम करू लागली.

मग आपल्याकडे तासाभरानं का कुणी वाचत नाही? कारण सुरुवातीची सुमारे ४० मिनिटं बर्फाखाली हवेच्या एका पोकळीत तिला श्वास घेता येत होता. त्या वेळात शरीर इतकं गार झालं की हृदय थांबायच्या आधीच मेंदूची प्राणवायूची गरज अगदी कमी झाली होती. शिवाय बाहेर काढल्या क्षणापासून रुग्णालयापर्यंत तिला सतत सीपीआर दिला गेला. आपल्या खदानीतलं पाणी त्या मानानं कोमट आहे, त्यात मेंदू असा गोठून सुरक्षित राहत नाही. आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांना पर्याय नाही.

त्या पाच मिनिटांत काय करायचं?

१. एकानं लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. रेंज नसेल तर एकानं रस्त्याकडे धावायचं. बाकीच्यांनी थांबायचं नाही.

२. उताणं झोपवा, हनुवटी वर उचला, दहा सेकंदांच्या आत श्वास चालू आहे का पाहा.

३. श्वास नसेल किंवा अधूनमधून नुसती उचकीसारखी धाप येत असेल, तर नाक चिमटीत धरून तोंडानं पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर उचलली जाईल एवढाच. बुडालेल्या माणसाला श्वास आधी द्यायचा असतो, कारण त्याला प्राणवायूच मिळालेला नाही.

४. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं ३० दाब. मग पुन्हा दोन श्वास. हे मदत येईपर्यंत किंवा तो स्वतः श्वास घ्यायला लागेपर्यंत चालू ठेवा. दमलात तर आळीपाळीनं करा.

५. तोंडाला फेस आला तर पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर मान एका बाजूला करून साफ करा आणि पुन्हा सुरू करा. सूर मारून बुडाला असेल तर मान शक्यतो सरळ ठेवा.

६. श्वास चालू पण शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा आणि श्वासावर लक्ष ठेवा.

७. शुद्धीवर आला, हसायला लागला, तरी रुग्णालयात न्या. पाणी छातीत गेलेल्या माणसाची तब्येत पुढच्या काही तासांत बिघडू शकते. ‘घरी कळेल’ म्हणून लपवू नका.

तर मग करायचं काय?

तरुण मित्रांनो, आधी तुमच्याशी. अनोळखी खदानीत उतरूच नका, हा माझा सल्ला. तुमच्यातले काही तो ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. त्यांनी निदान एवढं करावं. टोळीतला एकजण कोरडा राहील, हे घरून निघतानाच ठरवा. आळीपाळी करा, पण काठ रिकामा नको. त्याच्याकडे लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन द्या. तो कॅन पाण्यात फेकला तर बुडणाऱ्याचं तोंड पाण्यावर ठेवायला पुरतो. दारू प्यायलेला कुणीही पाण्यात नको, आणि काठावरच्या कामावरही नको. सूर नको. श्वासाची पैज नको.

कुणी बुडतोय असं दिसलं तर क्रम असा. आधी ओरडून त्याला धीर द्या. मग काठी, फांदी, पँट, जे असेल ते पुढे करा. पोचत नसेल तर दोर, ओढणी, कॅन फेका. उडी नाही. तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात २०२० साली धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. तिथल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. त्यांच्याकडे कुठलंही प्रशिक्षण नव्हतं. मित्रासाठी तुम्हाला काही करायचं असेल तर ते हे.

पालकांनो, मुलाला आणि मुलीलाही पोहायला शिकवा, आणि त्याच महिन्यात सीपीआरही शिकवा. तो पाण्यावर जाणार असेल तर ओरडण्याऐवजी दोनच प्रश्न विचारा. ‘कुठं जाताय?’ आणि ‘काठावर कोण थांबणार?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर नाही म्हणा, आणि का नाही म्हणताय तेही सांगा.

ग्रामपंचायत आणि महापालिकेच्या सदस्यांनो, हद्दीतल्या बंद खदानींची यादी करा. जिथं कुंपण नाही तिथं ते घालायला लावा. जिथं मुलं जातातच तिथं एका बाजूनं उतार करून घ्या, म्हणजे बाहेर येता येईल. दोर आणि ट्यूब टांगा. रस्त्यावर जागेचं नाव ठळक लिहा, म्हणजे फोन करणाऱ्याला आपण कुठे आहोत ते सांगता येईल. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरची स्टोनी कोव्ह ही अशीच पाण्यानं भरलेली दगडखाण आज पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाचं ठिकाण आहे. खड्डा तोच, पण त्याला मालक आहे आणि नियम आहेत.

पुढच्या वेळी कुणी ‘काळजी नको, सगळे मित्र आहोत सोबत’ म्हणालं, तर त्याला विचारा, ‘त्यातला कोरडा कोण राहणार?’ हा लेख तुमच्या मुलांच्या मित्रांच्या ग्रुपवर पाठवा. मिठाचा संदेश ज्या ग्रुपवर आला होता, त्या ग्रुपवर आधी.